तिसरा ताप कोणाच्या लक्षात येतो

आमच्या भागातल्या एका कॉलेजनं मागच्या पंधरवड्यात मुलांचं होस्टेल एका रात्रीत रिकामं केलं. चार पोट्ट्यांना ताप, त्यातल्या एकाच्या रिपोर्टमध्ये स्क्रब टायफस निघाला, आणि संध्याकाळी सातला नोटीस लागली की उद्या सकाळी सगळ्यांनी आपापल्या गावी निघायचं. तेव्हापासून स्टाफरूम म्हणू नका, एसटी स्टँड म्हणू नका, पालकांचे ग्रुप म्हणू नका, सगळीकडे एकच भांडण. एक बाजू म्हणते बंद केलं ते बरंच केलं, लेकरांच्या जिवाशी खेळ नको. दुसरी म्हणते पावसाळ्यात ताप कोणाला येत नाही, कोरोनापासून लोकांना घाबरायची सवयच लागली. मधेच कोणीतरी म्हणतं कॉलेजनं गेटवर थर्मल गन लावावी, धुरळणीचं मशीन घ्यावं, की मग ते मशीन कितीला पडतं यावर रात्रभर मेसेज. मी सोळा वर्षं झाली ग्रामीण कॉलेजात झुऑलॉजी शिकवते, त्यातली चार वर्षं मुलींच्या होस्टेलची रेक्टर होते, आणि मला मनापासून वाटतं की हे सगळे जण चुकीच्या प्रश्नावर भांडताहेत. होस्टेल बंद करायचं की चालू ठेवायचं हा फार नंतरचा प्रश्न. आधी हे सांगा की एका बिल्डिंगमध्ये चार पोरं तापानं फणफणेपर्यंत ते कोणालाच कसं दिसलं नाही? एकाला ताप आला तर तो ताप असतो, दुसऱ्याला आला तर आपण म्हणतो हवा बदलली, पण त्याच आठवड्यात त्याच मजल्यावर तिसऱ्याला येतो तेव्हा कोणाच्या तरी डोक्यात घंटी वाजायला पाहिजे. ती वाजावी म्हणून तापाची एक वही लागते, ती रोज लिहिणारा एक ठरलेला माणूस लागतो, आणि ताप आहे असं सांगितलं तर आपलं काही नुकसान होणार नाही ही पोरांना खात्री लागते. माझ्या मते खेड्यातल्या कॉलेजची साथीच्या रोगाची तयारी म्हणजे एवढंच, आणि एवढंच आपल्याकडे नाही.

स्क्रब टायफसबद्दल आधी बोलते, कारण भांडणाऱ्या पुष्कळांना तो एकाकडून दुसऱ्याला लागतो असं वाटतंय. लागत नाही. गवतात, झुडपात, धुऱ्यावर, उंदरांच्या बिळांजवळ एक बारीक किडा असतो, माइट म्हणतात त्याला, त्याची अळी डोळ्याला धड दिसतही नाही, तीच चावते, मोठा किडा चावत नाही. अळीच्या अंगात ओरिएन्शिया नावाचा जंतू असतो, तो आईकडून अंड्यावाटे पिल्लात उतरतो, म्हणून एखाद्या जागी तो एकदा बसला की तिथून सहज निघत नाही. चावलेलं दुखत नाही, साधारण दहा-बारा दिवसांनी ताप येतो, डोकं फुटेल असं दुखतं, आणि पुष्कळांच्या अंगावर चावलेल्या जागी काळी खपली धरते, सिगारेटचा चटका बसल्यासारखी. दुसऱ्या महायुद्धात बर्मा-आसामकडे लढणारे सैनिक या रोगानं आडवे झाले होते, आणि आपल्याकडे २०१८ च्या पावसाळ्यात नागपूर विभागात याचे रुग्ण एकदम वाढले तेव्हा कुठे लोकांना हे नाव माहीत झालं. आता आपल्या कॉलेजचं पाहा. पोरगा शनिवार-रविवार घरी जातो, वावरात निंदायला नाही तर सोयाबीन सोंगायला वाकतो, सोमवारी परत येतो, आणि ताप येतो तेव्हा तो होस्टेलात असतो. घरच्यांना वाटतं होस्टेलमध्ये लागला, होस्टेलवाले म्हणतात घरून आणला. खरं म्हणजे दोन्हीकडे गवत आहे.

माझ्या रेक्टरपणाच्या दुसऱ्या वर्षी, ऑक्टोबर सुरू होता, बीएससी सेकंड इयरची एक पोरगी खोलीत पडून होती. मला कळलं पाचव्या दिवशी, तेही मेसच्या मावशींनी भांडी घासता घासता सांगितलं, "मॅडम, ते पोरगी तीन दिवसापासून जेवूनच नाही रायली." वर गेले तर अंगाला हात लावता येत नव्हता. म्हणते, "काही नाही मॅडम, थंडी वाजून रायली फक्त. मले घरी नका पाठवू, सोमवारी प्रॅक्टिकल आहे." तिसऱ्या दिवशीच ती रूममेटसोबत जाऊन गावातल्या एका दवाखान्यात सलाईन आणि इंजेक्शन घेऊन आली होती, टायफॉइड सांगितला होता. मी गार पाण्याच्या घड्या ठेवायला बसले, अंग पुसताना सलवारीच्या नाडीच्या वर, कमरेच्या मागच्या बाजूला बोट फिरलं आणि खडबडीत लागलं. वाटाण्याएवढी काळी खपली, भोवती लाल कडं. ती म्हणाली नाडी घासून झालं असेल. मी हे वर्गात शिकवते, फळ्यावर माइटचं चित्र काढते, आणि तरी दोन मिनिटं मला खरं वाटेना. रात्री दहाला गाडी करून तिला जिल्ह्याला नेलं, तिथल्या डॉक्टरनं खपली पाहिल्याबरोबर रिपोर्टची वाट न पाहता डॉक्सिसायक्लिन सुरू केलं, आणि दोन दिवसांत ताप उतरला. अगदी जुनं, स्वस्त औषध. पण पेनिसिलिनच्या घराण्यातली, टायफॉइडसाठी देतात ती इंजेक्शनं या जंतूवर चालत नाहीत, आणि दुसरा आठवडा लागला की तो किडनी, फुप्फुस, मेंदू धरतो. आधीच्या दवाखान्यात तिची कमर पाहिलीच नव्हती. ही खपली बहुतेक वेळा काखेत, जांघेत, कमरेला, छातीखाली अशा झाकलेल्या जागी असते, आपल्या पोरी पुरुष डॉक्टरसमोर तिथलं दाखवत नाहीत आणि डॉक्टरही गर्दीत विचारत नाहीत.

त्या रात्रीनंतर मला एकच गोष्ट खात राहिली. मावशींना माहीत होतं की ती जेवत नाहीये. रूममेटला माहीत होतं. वॉचमनकाकांना माहीत होतं, कारण त्यांनीच मेडिकलमधून तापाच्या गोळ्या आणून दिल्या होत्या, आणि त्याच आठवड्यात आणखी दोघींनाही आणून दिल्या होत्या. लॅबमधल्या सरांना माहीत होतं की ती दोन प्रॅक्टिकलला आली नाही. म्हणजे माहिती होती, बिल्डिंगभर सांडलेली होती, ती एका जागी गोळा करणं हे कोणाचंच काम नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी एक दोनशे पानी वही आणली, तारीख, खोली, नाव, ताप कधीपासून, उलटी-जुलाब-खोकला-पुरळ, शेवटचं घरी कधी गेली, वावरात गेली का, एवढे रकाने आखले आणि रात्रीच्या हजेरीसोबत ती भरायला लागले. रोजची दहा मिनिटं. पहिल्या महिन्यात बहुतेक पानं कोरी गेली. पण दुसऱ्या पावसाळ्यात एकाच आठवड्यात पाच जणींची नावं उलटी आणि पोटदुखीची आली, पाचही एकाच मजल्यावरच्या, आणि आम्ही टाकीवर चढून पाहिलं तर झाकण सरकलेलं आणि आत मेलेलं पाखरू. वही नसती तर मी पाच वेगवेगळ्या पोरींना पाच वेळा ओआरएस दिलं असतं.

आता "साधा ताप आहे" म्हणणाऱ्यांचं. त्यांच्या म्हणण्यात दम आहे, मी नाही म्हणत नाही. बहुतेक ताप खरंच व्हायरल असतात, आराम आणि पाण्यानं उतरतात, आणि प्रत्येक तापाला घाबरून पोरांना सलाईन लावत फिरणं हे पैशाचं आणि जिवाचंही नुकसान आहे. भीतीचा धंदा करणारेही आहेत. पण यातून निघतं काय? बहुतेक ताप साधे असतात म्हणून तर साध्यातला वेगळा ओळखायची पद्धत लागते, सगळेच भयंकर असते तर वेगळं ओळखायची गरजच नव्हती. २००१ मध्ये सिलिगुडीत एक ताप पसरला, दवाखान्यातच एकाकडून दुसऱ्याला, ६६ रुग्ण आणि ४५ मृत्यू, आणि तो निपा नावाच्या विषाणूचा होता हे जुन्या नमुन्यांच्या तपासणीतून कितीतरी नंतर कळलं. तोच निपा २०१८ च्या मे महिन्यात केरळात कोझिकोडकडे आला तेव्हा काही दिवसांत ओळखला गेला. कसा? एका घरातला एक मुलगा दगावला होता, पाठोपाठ त्याच घरातला दुसरा तशीच लक्षणं घेऊन आला, आणि डॉक्टर तिथंच थांबले, हे साधं नाही म्हणाले, नमुने पाठवले. दुसऱ्या रुग्णावर घंटी वाजली. पुढच्याच वर्षी, २०१९ च्या जूनमध्ये केरळातल्याच एका कॉलेजच्या पोराला निपा झाला, त्याच्या संपर्कातली तीनशेच्या वर माणसं शोधून त्यांच्यावर लक्ष ठेवलं, पोरगा वाचला आणि त्याच्यापासून कोणालाही झाला नाही. हा पोरगा कोणासोबत राहत होता, कोणत्या वर्गात बसत होता, कुठे गेला होता, हे सांगता येणं म्हणजे तयारी. आपल्या होस्टेलातल्या एखाद्या पोराबद्दल आपण हे किती वेळात सांगू शकू? आपल्याकडे तर सुट्टीवर गेलेल्यांची नोंदही महिन्याच्या शेवटी एकदम भरतात.

आणि हे रोग कुठून तरी बाहेरून येतात, आपलं काय, असं कोणी म्हणत असेल तर चांदीपुरा आठवा. जगभरच्या पुस्तकात ज्या विषाणूचं नाव चांदीपुरा आहे ते नाव आपल्या नागपूर जिल्ह्यातल्या गावाचं आहे, १९६५ मध्ये तिथल्या तापाच्या रुग्णांच्या रक्तातून पुण्याच्या विषाणू संस्थेनं तो वेगळा काढला. जवळजवळ चाळीस वर्षं त्याच्याकडे कोणी फार लक्ष दिलं नाही, मग २००३ मध्ये आंध्रात त्यानं लेकरं नेली, एका दिवसात ताप, झटके, बेशुद्धी, १८३ मृत्यू. २००७ मध्ये आपल्याच नागपूर विभागात त्याची साथ आली, २०२४ मध्ये गुजरातेत. तो मुख्यतः पंधरा वर्षांखालच्या लेकरांना धरतो, कॉलेजच्या पोरांना नाही, पण मातीच्या भिंतींच्या भेगांत राहणारी वाळूमाशी तो पसरवते, आणि आपलं एनएसएसचं, म्हणजे राष्ट्रीय सेवा योजनेचं, सात दिवसांचं कॅम्प ज्या गावात जातं तिथल्या भिंती मातीच्याच असतात आणि आपल्या पोरांची लहान भावंडं तिथंच झोपतात. ज्या विद्यार्थ्याला हे माहीत आहे तो घरी गेल्यावर भिंत लिंपायला लावेल, लहान बहिणीला झटके आले तर बाहेरचं काही पाहत बसणार नाही, गाडी काढेल.

बंद करा म्हणणाऱ्यांची बाजू याहून वजनदार आहे आणि ती मी हलक्यात घेत नाही. फेब्रुवारी २०२१ मध्ये वाशिम जिल्ह्यात रिसोड तालुक्यातल्या एका निवासी शाळेच्या होस्टेलात दोनशेच्या वर विद्यार्थी एका झटक्यात पॉझिटिव्ह निघाले होते, बरीच पोरं अमरावती-यवतमाळकडून आलेली होती, आणि त्याच दिवसांत अमरावतीत परत लॉकडाऊन लागला होता. श्वासावाटे पसरणाऱ्या रोगात एका खोलीत सहा कॉट म्हणजे काय होतं ते आपण पाहिलेलं आहे. त्या पालकांच्या पोटात गोळा येतो तो उगाच येत नाही, आणि त्यांना घाबरट म्हणणाऱ्यांचा मला राग येतो. पण बंद करणं हे औषध कोणत्या रोगावरचं? माणसाकडून माणसाला जाणाऱ्या रोगावरचं, तेही पसरायच्या आधी. स्क्रब टायफसवर होस्टेल रिकामं करून काय मिळालं? किडा गवतात आहे, तो नोटीस वाचत नाही. दीडशे पोरं घरी गेली, त्यातल्या काहींच्या अंगात ताप शिजत असेल, ती आता तीसचाळीस गावांत विखुरली, कोणाचं पीएचसी, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्र, पंधरा किलोमीटरवर, कोणाच्या गावात नेटवर्क नाही, आणि कोणाला ताप आला तर आई म्हणणार थकला असेल, प्रवासाचा असेल. एका छताखाली होती तेव्हा एक माणूस रोज सगळ्यांना विचारू शकत होता, तो चान्स आपणच घालवला. आणि रोग खरंच माणसाकडून पसरणारा असता तर? मग तर एसटीत बसवून दीडशे घरांत पोचवून दिला असता. १९९४ मध्ये सुरतेत प्लेग म्हटल्यावर लाखो माणसं गाड्या भरभरून पळाली, आपल्या खानदेशातली कितीतरी, आणि जिथं जिथं ती उतरली तिथं तिथं भीती उतरली. पुढे सुरत सुधारली ती रोज कचरा उचलून, रोज गटारं साफ करून.

माझं म्हणणं असं नाही की कधीच बंद करू नका. कधी बंद करायचं, कोणाच्या सांगण्यावरून, आजारी पोरांना कुठे ठेवायचं, घरी पाठवलेल्यांना पंधरा दिवस रोज फोन कोण करणार, हे आधी कागदावर ठरलेलं असू द्या. साथ आल्यावर संध्याकाळी सातला प्राचार्यांनी पालकांच्या दबावात ठरवायची ही गोष्ट नाही. एक खोली, संडास जोडलेली, दोन कॉट, खिडकी उघडणारी, ती रिकामी ठेवा म्हणजे आजारी पोराला सहा जणांत झोपावं लागणार नाही. प्रत्येक होस्टेलात अशी एक खोली असते आणि त्यात जुनी मोडकी कपाटं भरलेली असतात.

आता सगळ्यात अवघड जागेवर येते. पोरं ताप लपवतात. माझी ती पोरगी पाच दिवस का गप्प राहिली? ७५ टक्के हजेरी, इंटर्नलचे मार्क, सोमवारचं प्रॅक्टिकल, आणि घरी पाठवलं तर बाप म्हणेल झालं आता शिक्षण, राहा घरी, ही भीती. आमच्याकडे पोरीच्या बाबतीत ही शेवटची भीती खोटी नसते. तिला विचारलं काहून नाही सांगितलं, तर ती रडलीच. १८९७ मध्ये पुण्यात प्लेग आला तेव्हा सरकारनं साथरोगाचा कायदा केला, रँडसाहेबाचे सोल्जर घरात घुसायचे, माणसांना ओढून कॅम्पात न्यायचे, सामान जाळायचे, आणि झालं काय, लोक रोगी लपवायला लागले, प्रेतंसुद्धा लपवायला लागले. रोग सांगितल्यावर शिक्षा होत असेल तर रोग कोण सांगेल? त्याच पुण्यात त्याच वर्षी सावित्रीबाई फुले प्लेगच्या लेकराला पाठीवर घेऊन आपल्या डॉक्टर मुलाच्या, यशवंतच्या दवाखान्यात आणत होत्या, त्यातच त्यांना प्लेग झाला आणि १० मार्च १८९७ ला त्या गेल्या. लोक कोणाच्या दारात आजारी माणूस घेऊन गेले असते, सांगा. आपलं होस्टेल आज आजारी पोराला नोटीस देतं, दंड मागतं, हजेरी कापतं. २०२० मध्ये मुंबई-पुण्याहून चालत आलेल्या माणसाला आपल्याच गावांनी वेशीवर अडवलं होतं, तेव्हाही हेच झालं, लोक रात्री आडवाटेनं घरी शिरले आणि खोकला दाबून बसले. म्हणून मला थर्मल गनपेक्षा एक साधा ठराव जास्त मोलाचा वाटतो, की तापाच्या वहीत नाव असेल त्या दिवसांची हजेरी धरली जाईल आणि बुडालेलं प्रॅक्टिकल परत घेतलं जाईल. कॉलेज कौन्सिलच्या एका बैठकीत होतो हा ठराव. पोरं याचा गैरफायदा घेतील असं लगेच कोणी म्हणेल, घेतील काही जण, दोनचार खोटे ताप वहीत येतील, पण त्या बदल्यात एक खरा ताप पहिल्या दिवशी आला तर मला तो सौदा मंजूर आहे.

यावर आमचे शिक्षक बांधव म्हणतात, मॅडम, आम्ही शिकवायचं कधी? आणि हे त्यांचं म्हणणं मला सगळ्यात जास्त पटतं कारण मी त्यातूनच गेले. ॲडमिशन, परीक्षा, नॅकच्या फायली, इलेक्शन ड्युटी, वर निम्म्या जागा रिकाम्या, तासिका तत्त्वावरच्या पोरापोरींवर डिपार्टमेंट चालू, त्यांना पगार वेळेवर नाही, आणि आता त्यांनी ताप पण मोजायचा? तर मोजायचा असेल तर ज्यानं मोजायचा त्याला ते काम म्हणून लिहून द्या, त्या बदल्यात दुसरं काम काढा, एका वर्षानं माणूस बदला. पण "आम्ही डॉक्टर नाही, आम्हाला यातलं काय कळतं" हे जे पुढचं वाक्य येतं ते मी मानत नाही. ते गडचिरोलीनं कधीच खोटं पाडलंय. अभय आणि राणी बंग यांनी १९९५ ते १९९८ मध्ये तिथल्या ३९ गावांत थोडंफार शिकलेल्या बायांना बाळाचा श्वास मोजायला, वजन करायला, जंतुसंसर्ग ओळखायला आणि उपचार करायला शिकवलं, आणि नवजात बाळांचे मृत्यू सुमारे ६२ टक्क्यांनी कमी झाले. पुढे देशभरच्या आशाताईंच्या कामात ते आलं. पाचवी-दहावी शिकलेली बाई घड्याळ लावून बाळाचे श्वास मोजू शकते, आणि आपण एमएससी, पीएचडी झालेली माणसं तापाची तारीख लिहू शकत नाही? उपचार आपण करायचाच नाही. पाहायचं, लिहायचं आणि पीएचसीला फोन करायचा. साथरोग सर्वेक्षणाचा सरकारी कार्यक्रम २००४ पासून चालू आहे, पीएचसीमधून दर आठवड्याला तापाचे, जुलाबाचे आकडे वर जायचे, आता ते ऑनलाइन जातात, पण कॉलेजमधला पोरगा मेडिकलमधून गोळी घेऊन झोपला तर तो त्या आकड्यात कधी येतच नाही. पीएचसीच्या डॉक्टरचा नंबर किती प्राध्यापकांच्या फोनमध्ये आहे? मी एकदा स्टाफरूममध्ये विचारलं होतं, बावीस जणांत दोन हात वर झाले.

हे सरकारचं काम आहे असंही म्हणतात, आणि आहेच. तीस हजार लोकांमागे एक पीएचसी हा सपाट भागातला हिशोब, आदिवासी भागात वीस हजार, आणि तिथं डॉक्टरची जागा रिकामी असली की सगळा भार सिस्टरवर. ते मागायचं, भांडून मागायचं, मोर्चा काढायचा तर काढू. पण होस्टेलच्या छतावरच्या टाकीचं झाकण काय आरोग्यमंत्री येऊन लावणार आहेत? कूलरचं घ्या. आपल्या विदर्भात प्रत्येक खोलीच्या खिडकीत कूलर, जून लागला की तो बंद होतो आणि त्यातलं पाणी तसंच राहतं, डेंग्यूचा डास तिथं अंडी घालतो आणि आठवड्या-दहा दिवसांत त्यातून नवे डास उडतात. नुसतं पाणी ओतून देऊन भागत नाही, अंडी कूलरच्या आतल्या कडेला चिकटून कोरडी पडून कित्येक महिने जिवंत राहतात, पुढच्या उन्हाळ्यात पाणी टाकलं की फुटतात, म्हणून कडा घासावी लागते. चाळीस कूलर, एक रविवार, काथ्या आणि वीस पोरं. टाकीत टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर पडते की नाही हे गावात ग्रामपंचायतीचा शिपाई ओटी टेस्टनं पाहतो, नळीत पाणी घ्यायचं, थेंब टाकायचे, पिवळं झालं की क्लोरीन आहे, अर्ध्या मिनिटाचं काम, आपल्या केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये हे रोज होऊ शकतं आणि पोरांचं प्रॅक्टिकलही होतं. जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रोडकडे पाण्यातून जंतू गेले आणि धडधाकट माणसांचे हातपाय लुळे पडले, जीबीएस म्हणजे गिलेन-बारे सिंड्रोम, तेव्हा आपल्याकडे सगळे आठवडाभर पाणी उकळून पीत होते, मग विसरले. आणि एनएसएस १९६९ पासून आहे, प्रत्येक स्वयंसेवकाला वर्षाला १२० तास काम करायचंच असतं, ते तास कुठे जातात? गाडगेबाबा आधी गाव झाडायचे आणि संध्याकाळी कीर्तनाला उभे राहायचे. आपण भाषणापासून सुरुवात करतो आणि झाडणं राहून जातं.

मी ऐकते की ते होस्टेल घटस्थापनेच्या आधी परत उघडणार आहे. मधल्या काळात भिंतींना चुना झाला, गेटवर तपमान मोजायला माणूस बसणार आहे, औषधाची फवारणी खोल्यांच्या आत झाली. पोरं या सुट्टीत घरी बसलेली नाहीत, सोयाबीन सोंगणीला गेली आहेत, माझ्या वर्गातली पण गेली आहेत, हात काळे करून येतील, आणि अळी चावली असेल तर ताप कळायला दहा-बारा दिवस लागतील, म्हणजे गेटवरच्या गनमधून सगळी पोरं नॉर्मल म्हणून आत जातील. त्या कॉलेजच्या प्राचार्यांना मी फोन केला होता, चांगला माणूस आहे, शांतपणे ऐकलं. त्यांना एवढंच म्हटलं की सर, पोरं आली त्या रात्रीपासून वही सुरू करा, प्रत्येकाला विचारा वावरात गेला होता का, अंगावर कुठे काळी खपली आहे का ते अंघोळीच्या वेळी ज्यानं त्यानं पाहायचं, पोरींचं मॅडमनी पाहायचं, आणि होस्टेलच्या मागचं गवत पोरं यायच्या आत कापून घ्या, कापणाऱ्याला पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि बूट द्या. ते म्हणाले गवताचं टेंडर काढावं लागेल. काल संध्याकाळी मी त्या रस्त्यानं आले. गवत तसंच आहे, मागच्या बाजूला खिडकीच्या गजापर्यंत पोचलंय, आणि त्याच गजांना दोरी बांधून कोणाच्या तरी दोन चादरी वाळत राहून गेल्या आहेत.